काचेमागचे बारा हजार व्होल्ट

जुनं कॉम्प्युटर टर्मिनल हाताशी आलं की प्रत्येकाला आधी एकच गोष्ट करावीशी वाटते, प्लग लावून बघू या चालतंय का. मला कोणी विचारलं तर मी पहिलं हेच सांगते की तो प्लग तूर्तास लांब ठेवा. कितीतरी वर्षं कुठल्यातरी कारखान्याच्या माळ्यावर पडलेलं यंत्र, आतले कंडेन्सर (चार्ज साठवणारे भाग) सुकलेले, धुळीचा थर, कोपऱ्यात झुरळांची अंडी, कधी उंदराने कुरतडलेली वायर, आणि आपण त्याला थेट २३० व्होल्ट देणार. त्यात काही टर्मिनल्स अमेरिकेहून आलेली असतात, त्यांच्या पाठीमागे ११५ आणि २३० चा एक छोटा स्विच असतो, तो कुठल्या बाजूला आहे हे न बघता लाईट दिली तर पुढे निदान करायला फार काही उरत नाही.

हे लिहायचं कारण असं की जुनी यंत्रं जमवणारी तरुण मंडळी मला हल्ली बरीच भेटतात. कोणाला बुधवारी नाहीतर रविवारी जुन्या बाजारात काहीतरी सापडलेलं असतं, कोणाच्या बाबांच्या कंपनीतून भंगारात निघालेलं असतं. या मुलांना कोडिंग झक्कास येतं, डेटाशीट वाचता येते, सिरीयल पोर्टच्या पिना तोंडपाठ असतात. पण कव्हर काढलं की आत जे बसलेलं असतं त्यातला निम्मा भाग कॉम्प्युटर नसतोच, तो टीव्ही असतो. आणि टीव्ही रिपेअरिंग ही वेगळी विद्या आहे, ती कॉलेजात कमी आणि पेठांमधल्या छोट्या दुकानांत जास्त शिकवली गेली, आणि ती शिकवणारी माणसं आता थकलीयेत. माझं कळकळीचं म्हणणं एवढंच आहे की त्यांच्याकडे जा, बसा, शिकून घ्या. नेमकं कशाला घाबरायचं आणि कशाला नाही हे त्या माणसांच्या हातात मुरलेलं आहे.

टर्मिनल म्हणजे काय हे ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. की दाबली की ते अक्षर केबलमधून मोठ्या कॉम्प्युटरकडे पाठवायचं, तिकडून जे येईल ते पडद्यावर दाखवायचं, बास, एवढंच त्याचं काम. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनचं व्हीटी १०० हे यातलं सगळ्यात नावाजलेलं, १९७८ सालचं, आत इंटेलचा ८०८० प्रोसेसर, पडद्यावर ८० कॉलम आणि २४ ओळी. आज आपण लिनक्सची काळी खिडकी उघडतो, त्यात कर्सर हवा तिथे जातो, ओळ पुसली जाते, अक्षर ठळक होतं, ते करणारे एस्केप कोड या व्हीटी १०० मुळेच सगळीकडे पोचले. रोज वापरतो त्या गोष्टीचं मूळ असं हाताने उचलून टेबलावर ठेवता येतं याचं मला अजूनही अप्रूप वाटतं, म्हणून ही यंत्रं चालती राहावीत असं मनापासून वाटतं.

पुण्यात टीव्ही आला १९७३ मध्ये, सिंहगडावर टॉवर उभा राहिला आणि मुंबई दूरदर्शन इथे दिसायला लागलं. मग हळूहळू गल्लोगल्ली टीव्ही मेकॅनिक झाले. मी ज्यांच्याकडे शिकले ते काका त्याच पिढीतले, दुकान पेठेत, एक टेबल, एक आरसा, भिंतीला टांगलेली जुनी बोर्डं. मी पहिल्यांदा एक टर्मिनल त्यांच्यासमोर उघडून ठेवलं तेव्हा मला वाटलं होतं की ते म्हणतील हे कॉम्प्युटरचं काम आहे, आपलं नाही. त्यांनी चष्मा वर केला, मान वाकडी करून मागून एक नजर टाकली आणि म्हणाले, "अगं, हा तर बारा इंची ब्लॅक अँड व्हाईट सेट आहे, फक्त ट्यूनर नाही."

आणि ते शब्दशः खरं आहे. आपल्या टीव्हीची आडवी ओळ सेकंदाला १५,६२५ वेळा फिरायची, व्हीटी १०० ची १५,७३४ वेळा फिरते, म्हणजे जवळपास तेच. तशीच पिक्चर ट्यूब, तसाच योक, म्हणजे ट्यूबमधला किरण वळवणारी तारेची गुंडाळी, तसाच ईएचटी ट्रान्सफॉर्मर, म्हणजे ट्यूबला हजारो व्होल्ट पुरवणारा. व्हर्टिकलला, म्हणजे किरण वरखाली फिरवणाऱ्या भागाला, टीडीए ११७० नावाचा आयसी त्या काळच्या टीव्हीतही असायचा आणि मॉनिटरमध्येही. अक्षरं तयार करणारं बोर्ड वेगळं, ते आपण समजून घेऊ शकतो, पण पडद्याची बाजू काकांनी आयुष्यभर हाताळलेली होती.

आता भीतीबद्दल. नवीन माणूस पिक्चर ट्यूबला घाबरतो, काचेवर रबराची जी लाल किंवा काळी टोपी असते आणि जाड वायर असते तिथे दहा-बारा हजार व्होल्ट असतात हे त्याने वाचलेलं असतं. घाबरायलाच हवं. पण जरा आकडेमोड करून बघा. ट्यूब हाच एक कंडेन्सर आहे, मधे काच, आतून एक लेप, बाहेरून ग्राफाइटचा काळा लेप. त्याची कपॅसिटी एक नॅनोफॅरड धरली आणि १२,००० व्होल्ट धरले तर साठलेली ऊर्जा होते साधारण ०.०७ ज्यूल. आणि त्याच सेटच्या पॉवर सप्लायमध्ये, स्विचजवळ, एक जाडजूड कंडेन्सर असतो, २३० व्होल्ट एसी रेक्टिफाय होऊन त्याच्यावर ३२५ व्होल्ट डीसी बसलेले असतात. तो २२० मायक्रोफॅरडचा असेल तर ऊर्जा होते साडेअकरा ज्यूल. दीडशे पटीहून जास्त! म्हणजे ज्याच्याकडे कोणी बघत नाही तो कोपऱ्यातला कंडेन्सर जीव घेऊ शकतो आणि जिची सगळे धास्ती घेतात ती बंद केलेली ट्यूब बहुतेक वेळा जोरदार झटका देऊन सोडते. अर्थात हे बंद सेटचं झालं, सेट चालू असताना त्या टोपीजवळ जायचं नाही म्हणजे नाही. आणि झटक्याने नुसतं दुखतं असंही नाही, हात जोरात मागे जातो, तो मागे गेलेला हात ट्यूबच्या नेकवर, म्हणजे मागच्या बारीक मानेवर आपटला की नेक फुटते, आत व्हॅक्यूम, काचा उडतात. डोळ्यांना गॉगल याच कारणासाठी.

म्हणून काकांची पद्धत अशी की आधी तो कंडेन्सर, मग ट्यूब. प्लग काढायचा, नुसता स्विच बंद करून भागत नाही, प्लग काढून तो आपल्याला दिसेल असा टेबलावर ठेवायचा. अंगठी, बांगड्या, घड्याळ काढायचं, मी मंगळसूत्रही काढून ठेवते. मग कंडेन्सरच्या दोन टोकांना दोन-अडीच किलोओहमचा दहा वॅटचा रेझिस्टर, इन्सुलेटेड प्रोबला जोडलेला, चार-पाच सेकंद धरायचा. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करून ठिणगी काढणारे मेकॅनिक मी पाहिलेत, त्याने ट्रॅक जळतो, पिन जळते, आणि धातूचे कण डोळ्यात जातात. रेझिस्टर काढल्यावर मल्टिमीटर लावून बघायचंच, व्होल्टेज अगदी खाली आलंय याची खात्री डोळ्यांनी करायची, अंदाजाने नाही.

ट्यूबमधला चार्ज उतरवायला वेगळी काठी. ट्यूबच्या पाठीवर त्या काळ्या लेपाला टेकून एक उघडी विणलेली तार ताणून बसवलेली असते, अर्थ (अर्थिंग) तिथलाच घ्यायचा. लॉजिक बोर्डाचा किंवा कुठल्याही स्क्रूचा घेतला तर तो डिस्चार्ज बोर्डातून वाट काढतो आणि चाळीस वर्षं टिकलेला एखादा आयसी क्षणात मरतो. तर आधी क्लिप त्या तारेला, ओढून बघायची घट्ट आहे ना, मगच काठी हातात. काठीच्या टोकाला पातळ चपटं पातं, मधे हाय व्होल्टेजला चालणारा मोठा रेझिस्टर, पकडायला लांब प्लास्टिकचा दांडा. एक हात पाठीमागे. हे काका सक्तीने करायला लावायचे, "दुसरा हात कुठाय?" असं दर वेळी विचारायचे, कारण दोन्ही हात सेटला लागले तर करंट छातीतून जातो. पातं रबराच्या टोपीखाली हळूच सरकवायचं, आतली क्लिप लागेपर्यंत, आणि थोडा वेळ तिथेच ठेवायचं. रेझिस्टर असल्यामुळे आवाज फारसा येत नाही, त्यामुळे काही झालंच नाही असं वाटतं, पण झालेलं असतं. मग पाचेक मिनिटं थांबून पुन्हा एकदा तेच. कारण काचेत मुरलेला चार्ज थोडा थोडा परत वर येतो, एकदा डिस्चार्ज केलेल्या ट्यूबनेही मागाहून झटका दिल्याची उदाहरणं प्रत्येक मेकॅनिककडे असतात.

एवढं झालं की सेट आपला. आता निवांत बघता येतं. आणि खरं सांगते, निम्मं निदान इथेच, लाईट नसताना होतं. फुगलेले कंडेन्सर, बोर्डावर काळवंडलेली जागा, ईएचटीच्या काळ्या प्लास्टिकला बारीक तडा, फ्यूज. फ्यूजची काच आतून काळी ठिक्कर असेल तर मोठा शॉर्ट होता, नुसती तार तुटलेली असेल तर कदाचित म्हातारपण. हे बघून झाल्यावरच पहिल्यांदा लाईट द्यायची आणि तीही सिरीज बल्बमधून, म्हणजे सेटच्या वाटेत मधे जोडलेला शंभर वॅटचा तारेचा पिवळा बल्ब. एलईडी इथे चालत नाही, आणि हल्ली तारेचा बल्ब शोधायलाही तपकीर गल्लीत दोन-चार दुकानं पालथी घालावी लागतात. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर पुढे जायला हरकत नाही, भगभगीत पेटलेलाच राहिला तर आत शॉर्ट आहे, लगेच बंद. स्विचिंगचा सप्लाय असेल तर मात्र बल्बमुळे तो चालू-बंद चालू-बंद असं करत बसतो, त्याला फॉल्ट समजून बोर्ड उपटायला लागू नका.

आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर, म्हणजे सेटला मेनच्या लाईनपासून वेगळा करणारा, घ्याच, स्कोप (ऑसिलोस्कोप) लावणार असाल तर त्याशिवाय लावूच नका, कारण स्कोपची अर्थ क्लिप गरम, म्हणजे थेट मेनला जोडलेल्या चासीला लागली की स्कोपही गेला आणि सेटही. पण एक गोष्ट लोक विसरतात, आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरच्या पुढे घरातला ईएलसीबी, म्हणजे अर्थला गळती झाली की लाईट तोडणारा स्विच, तुम्हाला वाचवत नाही. एका टोकाला हात लागून अर्थमार्गे बसणारा शॉक टळतो, दोन टोकांना दोन हात लागले तर ईएलसीबीला पत्ताही लागत नाही. म्हणून पुन्हा तेच, एक हात मागे, आणि घरात दुसरं माणूस हवं ज्याला मेन स्विच कुठे आहे ते माहिती आहे.

मग खरी मजा सुरू होते. पडदा काळा असला म्हणजे यंत्र मेलं असं अजिबात नाही. आधी टर्मिनलला कॉम्प्युटरपासून सोडवायचं, लोकल मोडला टाकायचं. चालू केल्यावर बीप आली, कीबोर्डचे दिवे लागले तर लॉजिक आणि सप्लाय बहुतेक जिवंत आहेत. व्हीटी १०० ला तर पाठीमागे व्हिडिओचं आउटपुटही आहे, त्याला दुसरा मॉनिटर जोडला आणि तिथे अक्षरं उमटली की फॉल्ट पडद्याच्या बाजूला आहे हे कव्हर न काढताच कळतं. मग खोलीत अंधार करून नेकमध्ये बघायचं, नारिंगी ठिपका दिसला की हीटर पेटतोय. पडद्याजवळ हाताची मागची बाजू नेली आणि केस उभे राहिले की ईएचटी येतंय. साध्या मल्टिमीटरने ते मोजायला जायचं नाही, तो ६०० नाहीतर १००० व्होल्टपर्यंतच बनवलेला असतो, त्यासाठी वेगळा हाय व्होल्टेज प्रोब लागतो. लाईन आउटपुट, म्हणजे आडवी ओळ फिरवणाऱ्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरलाही साधा मीटर लावायचा नाही, तिथे शेकडो व्होल्टचे पल्स असतात.

आणि शिट्टी. ती १५ हजारांच्या वरची बारीक शिट्टी, लाईन सर्किट चालू असल्याची खूण. काकांना ती आता ऐकू येत नाही, वय झालं की त्या वरच्या सुराला कान बंद होतात. त्यांचा नातू शाळेतून येऊन दुकानात मागे अभ्यास करत बसलेला असायचा, काका सेट चालू करून त्याला हाक मारायचे, "काय रे, शिट्टी येतीये का?" तो वहीतून मान वर न करता सांगायचा, "येतीये आजोबा, पण मधेच तुटतीये." त्या एका वाक्यावर काका थेट ईएचटीच्या बाजूला वळायचे. मला माझ्या चाळिशीत ती जेमतेम येते, म्हणून मी आता फोनवरचं स्पेक्ट्रम दाखवणारं ॲप वापरते, तिथे १५.७ च्या जवळ एक उंच काडी दिसते. चालतं. पण त्या पोराने शिट्टी तुटतीये हे ज्या सहज सांगितलं ते ॲपला जमत नाही.

एका हिरव्या पडद्याच्या टर्मिनलचं सांगते. बीप नीट, दिवे नीट, हीटर पेटलेला, शिट्टी आहे, हाताचे केस उभे, आणि पडद्यावर मधोमध फक्त एक आडवी लख्ख हिरवी रेघ. हे बघून नवा माणूस घाबरतो, पण मेकॅनिकसाठी ही आनंदाची बातमी असते, कारण एवढ्यातच नव्वद टक्के सेट चांगला असल्याचं कळलं, फक्त किरण वरखाली फिरत नाहीये, म्हणजे व्हर्टिकल गेलं. तेव्हा पहिलं काम ब्राइटनेस एकदम खाली करायचा, आख्ख्या पडद्याचा उजेड त्या एका रेघेत जमा झालेला असतो आणि बघता बघता तिथला फॉस्फर (पडद्याचा चमकणारा लेप) जळतो, मग दुरुस्ती झाल्यावरही ती रेघ कायमची राहते. सेट बंद केला, डिस्चार्ज केला, बोर्ड उलटं करून खिडकीच्या उजेडात धरलं. काकांनी भिंग माझ्या हातात दिलं आणि काही बोललेच नाहीत. व्हर्टिकलच्या आयसीच्या पाठीला पत्र्याचा हीट सिंक होता, आयसी रोज तापणार, थंड होणार, आणि त्या हालचालीने एका पिनेभोवती सोल्डरमध्ये केसाएवढी गोल भेग पडलेली. वरून बघितलं तर काही दिसत नव्हतं, बोर्ड जरा तिरकं केल्यावर ती काळी रिंग दिसली. ड्राय सोल्डर. जुनं सोल्डर पंपाने ओढून काढलं, नवीन घातलं, शेजारच्या पिनांनाही घातलं, योकच्या कनेक्टरलाही. चालू केल्यावर रेघ उघडत उघडत पूर्ण पडदाभर झाली, वरच्या ओळी जरा चेपलेल्या होत्या, त्या शेजारचा एक सुकलेला कंडेन्सर बदलल्यावर सरळ झाल्या.

उभी रेघ आली तर शिट्टी आणि ईएचटी चालू आहे पण योकची आडवी बाजू तुटलीये, बहुतेक कनेक्टर. ब्राइटनेस वाढवला की चित्र फुगतं, तर ईएचटी दमलंय. पावसाळ्यात टोपीजवळून सूंऽऽ असा आवाज आणि ओझोनचा उग्र वास आला तर धूळ आणि दमट हवा, बंद करून, डिस्चार्ज करून, टोपीची आतली बाजू आणि काच आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायची आणि नीट वाळू द्यायची, बऱ्याचदा तेवढ्याने जातं.

एक फॉल्ट तर फॉल्टच नसतो. चित्र नीट दिसतं पण पाण्यात हलल्यासारखं सारखं डुलतं. लोक लगेच सप्लायचे कंडेन्सर बदलायला घेतात, आणि ते कारण असूही शकतं. पण अमेरिकेतल्या टर्मिनलचं चित्र सेकंदाला ६० वेळा ताजं होतं आणि आपली लाईट ५० हर्ट्झची, दोन्हीतला फरक १०, त्या गतीने चित्र डुलतं. व्हीटी १०० मध्ये तर सेटअपच्या दुसऱ्या पानावर ५० की ६० हे निवडायची सोय आहे. कव्हरला हात न लावता, कीबोर्डवरून. मला डुलणाऱ्या पडद्याबद्दल कोणी विचारलं की आधी हेच करून बघायला सांगते.

पडद्याच्या कडेने तपकिरी बुरशीसारखे डाग दिसले तर ते ट्यूबच्या आतले नसतात, ट्यूब आणि पुढची संरक्षक काच यांच्यामधला चिकट थर खराब झालेला असतो. तो काढता येतो, लोक काढतात, पण पुढची काच ही फुटण्यापासून वाचवणारी काच आहे, त्यामुळे हे काम मी अजून कुणालाच पहिल्या सेटवर करू देत नाही.

बाकी सगळं मिळतं, कंडेन्सर मिळतात, ट्रान्झिस्टर मिळतात, ईएचटीसुद्धा शोधलं तर पर्यायी मिळतं. ट्यूब नवीन मिळत नाही. पण बारा इंची ब्लॅक अँड व्हाईट पोर्टेबल टीव्हीची ट्यूब बऱ्याचदा कामाला येते, तशीच बारीक नेक, तसाच बेस, फक्त हीटरचे व्होल्ट, पिनांची जोडणी आणि योकचा कोन आधी तपासून घ्यायचा, पडदा हिरव्याऐवजी पांढरा होईल, पण यंत्र चालेल. आणि असे टीव्ही अजून पुण्यात घराघरांत माळ्यावर पडलेले आहेत. ते भंगारात गेले की योकमधल्या तांब्यासाठी पहिल्यांदा नेकच फोडली जाते. तर तुमच्याकडे असा सेट असेल तर तो अख्खाच एखाद्या मेकॅनिककडे नेऊन द्या, नाहीतर माझ्यासारख्या जमवणाऱ्याला द्या, उचलताना पुढून आणि खालून धरा, नेकला हात लावू नका, आणि माळ्यावर कितीही वर्षं पडून असला तरी मागचं कव्हर स्वतः उघडायला जाऊ नका.